जीभ मेली

तिरफळाचं काळं बी खायचं नसतं. हिरवे घोस उन्हात वाळले की फळ आपोआप उकलतं, टरफलाच्या दोन इवल्या वाट्या होतात आणि मधे ते बी चकचकतं, उंदराच्या डोळ्यासारखं. नवशीआय ते अंगठ्याच्या नखाने उडवून द्यायची. बोलता बोलता, खाली न बघता. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर त्या बियांचा काळा पट्टाच पडलेला असायचा.

"डोला फेकायचा, कातडी ठेवायची," ती म्हणायची. "मानसाचा उलटा आसतो."

"म्हणजे गं?"

"मानूस मेला का कातडी जालतात. डोलं मातर बघत ऱ्हातात पाठी."

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिच्यावर लिहायचा मला हक्क आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तिच्याविषयी माझ्या अक्षरातला एक कागद एका सरकारी फायलीत पडून आहे. तो एकटाच मागे राहू नये म्हणून हा दुसरा.

तलासरीच्या आतल्या अंगाला एका आश्रमशाळेत मी कंत्राटी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा नवशीआय तिथे स्वयंपाकाला होती. किती वर्षं, ते तिलाही सांगता यायचं नाही. तिच्या हातचं जेवून गेलेल्यांची मुलं आता तिच्या पंगतीला बसत, एवढं ती सांगायची. घर झरीच्या बाजूच्या एका पाड्यावर. बुटकी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पाय कायम अनवाणी आणि डाव्या हातावर कोपरापर्यंत जुन्या ओरखड्यांची जाळी. ते ओरखडे तिरफळाच्या झाडाचे. त्या झाडाच्या खोडालाच गाठी-गाठींचे काटे असतात. तिच्या अंगणातलं झाड ती कुणाला चढू द्यायची नाही. आकडीने घोस ओढायची आणि तरी हात फाडून घ्यायची. पहिला घोस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला, दुसरा शाळेला आणि उरलं तर घरी.

पहिल्या दिवशी मी मुलांच्या पंगतीत जेवायला बसले. भात आणि उडदाची आमटी. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडक आलं आणि मी ते चावलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास नाकात चढला. मग जिभेच्या टोकाला झिणझिण्या सुटल्या, त्या ओठांपर्यंत आल्या, आणि ओठ माझे राहिलेच नाहीत. मी घाबरून ताट सोडून उभी राहिले.

मग अख्खी पंगत ओरडली, "मेली! मेली! मॅडमची जीभ मेली!"

हातात पळी घेऊन नवशीआय बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघून तिने ओळखलं. "मेली नाय बाय, जागी झाली. आतापावत झोपली होती." कनवटीला बांधलेली पुरचुंडी सोडून तिने गुळाचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला.

"मॅडमला कशाला गूल?" एक मुलगा चिडून म्हणाला. "मॅडम मोठी हाय!"

"जीभ ल्हान मोठी नसते रं," ती म्हणाली.

हा तिथला रिवाज होता. ती तिरफळं ठेचून फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी आमटीच्या टोपात सोडायची. वाढायच्या आधी काढून घ्यायची. पण तीन-चार फळं मुद्दाम मोकळी टाकायची. ज्याच्या ताटात फळ येईल आणि ज्याची जीभ 'मरेल', त्याने हात पसरायचा आणि गूळ घ्यायचा. गूळ तिच्या घरचा. त्या खड्यासाठी मुलं आमटी तळापर्यंत ओरपायची, आणि ज्यांच्या ताटात काहीच आलं नाही तीही बिनदिक्कत जीभ बाहेर काढून हात पसरायची. तिला खोटं कळायचं. अशा वेळी ती जीभ बारकाईने तपासल्यासारखी करायची, "अजून थोडी जिती हाय, उद्या मरंल," असं म्हणायची आणि त्या आठवड्यात एकदा तरी त्याच्या ताटात फळ जाईल असं बघायची.

मुलांची हजेरीतली नावं तिला माहीत नव्हती. जो जे टाकतो तेच त्याचं नाव. एक 'वांगानको', एक 'भेंडीथुंक्या', एक बारीक मुलगी 'भातराखी', कारण ती भात ताटाच्या कडेला राखून ठेवायची. मी पहिल्या आठवड्यात ठसका लागून रडले होते, म्हणून खूप दिवस माझं नाव 'तिखटनको बाय' होतं. आमटी ती जिभेवर घेऊन कधीच बघायची नाही. टोपाजवळ कान न्यायची. "मीठ कमी आसला का ती जोरात बोलते." यावर मी हसले, तर म्हणाली, "तू पुस्तकाला कान लावतेस का? नाय ना? मंग तुला कसा कलल."

पहिलीत आलेली एक मुलगी दोन दिवस काही खाईना. घर आठवून रडायची, आम्ही समजावून थकलो. तिसऱ्या दिवशी नवशीआय तिच्यासमोर फतकल मारून बसली, तिरफळाचं एक टरफल स्वतःच्या तोंडात टाकलं आणि जीभ बाहेर काढून म्हणाली, "बघ, माझी मेली. तुझी मारायची?" मुलगी हसली. मग जेवली. नंतर भांडी घासताना नवशीआय मला म्हणाली, "घरापासून तुटलेल्या पोराची आदी जीभ रडते. डोलं मागनं. त्या जिभेला वलखीचा कायतरी लागतो. पाकिटातल्या मसाल्याला गाव नसतो बाय."

पाकिटाचा विषय निघायला कारण होतं. त्याच महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवर नियमांचा एक फलक लागला होता. तो वाचून दाखवायला तिने मलाच बोलावलं. 'मसाले पॅकबंद असावेत' या ओळीवर ती थांबली.

"पॅकबंद म्हंजे?"

"पाकिटात बंद केलेले."

दुसऱ्या दिवशी गेले तर तिने बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात तिरफळं भरून, वर सुतळी बांधून, तो पुडा फलकाच्या बरोबर खाली खिळ्याला टांगला होता. "घे. पॅकबंद," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तो पुडा मी काढायला लावायला हवा होता. तो तिथेच टांगलेला राहिला.

एका रविवारी मी तिच्याबरोबर तलासरीच्या बाजारात बसले होते. तिरफळ जास्त झालं की ती बाजारात न्यायची, आणि धाकट्या डहाणूची एक मांगेली कोळीण शेजारी सुके बोंबील घेऊन बसायची. दोघींचं वर्षानुवर्षं भांडण आणि अदलाबदल एकत्र चाले. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा तरुण आचारी तिथे आला. मुंबईचा होता, पण माणूस बरा. त्याच्या खिशात एक छोटी बाटली होती, आत निळसर काळी, सुरकुतलेली बारीक फळं.

"मावशी, हे चाखून बघा. ज्युनिपर. बाहेरच्या देशात मटणात ठेचून घालतात. तुमच्या तिरफळासारखंच."

नवशीआयने एक फळ हुंगलं, चावलं, बराच वेळ चघळलं. "हा तर देवलातला धूप," ती म्हणाली. "तिकडं धूप खातात?"

"खातात ना. आपल्याकडे हिमालयात होतं, औषधात घालतात. हाऊबेर म्हणतात."

"झाडाला काटं?"

"पानंच सुईसारखी असतात."

"मंग चांगला आसल. काटा नाय त्याला चव नाय." तिने एक तिरफळ उकललं, बी उडवलं आणि टरफल त्याच्या हातावर ठेवलं. "आता तू माझा खा."

त्याने खाल्लं. डोळे मोठे झाले. मांगेलीण टाळी वाजवून ओरडली, "मेली गो मेली! मुंबैची जीभ मेली!" आणि नवशीआयने कनवटीचा गूळ काढून त्या बाप्याच्याही तळहातावर ठेवला.

"मावशी, चला आमच्याकडे. तुमच्या नावाने पदार्थ ठेवतो."

"आन माझ्या पोरांना कोन घालील?" ती म्हणाली. एवढंच. त्यात त्याग वगैरे काही नव्हतं. तिला प्रश्नच वेडगळ वाटला होता.

तो बाटली तिलाच देऊन गेला. सोमवारी तिने ती अख्खी ठेचून टोपात घातली. भेंडीथुंक्याने पहिला भुरका घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "आय, आमटीला देऊल लागलाय!" पंगत हसून लोळली. नवशीआयही. "पावना चांगला व्हता," ती मला म्हणाली, "पन ह्या चुलीवर ऱ्हायचा नाय."

त्या चुलीवर तीही राहिली नाही. ते कसं झालं, ते आता सांगायला हवं.

भाद्रपद सरता सरता एका सकाळी मुलांना उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत पोटं धरून पडलेल्या मुलांची रांग लागली. काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी सगळी परत आली, कुणाला काही दगाफटका झाला नाही. पण तोवर कार्यालयातून एक साहेब येऊन पोचले होते. त्यांनी मुलांना ओळीने बसवलं आणि विचारलं, "काय काय झालं तुम्हाला? न घाबरता सांगा."

"पोटात दुखला." "वकारी झाली." मग भेंडीथुंक्या म्हणाला, "माझी जीभ मेली."

साहेब दचकले. "जीभ? अजून कुणाकुणाची मेली?"

सगळ्यांचे हात आले. साहेबांना वर झालेले हात दिसले. मला दिसलं की ते हात वर नव्हते, पुढे होते. तळवे उघडे होते. मुलं गूळ मागत होती. तीन दिवस ज्यांनी धड खाल्लं नव्हतं, ती मुलं गूळ मागत होती.

मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. अहवाल तुम्ही लिहा."

माझं अक्षर चांगलं आहे, कारण मी ते चळवळीच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवलं. आमच्या डहाणूच्या घरी वडील पत्रकांचे गठ्ठे आणत, आणि एका बाजूला जमीन, जंगल, पाणी, दुसऱ्या बाजूला माझं अ आ इ ई. पत्रकात खोटं लिहायचं नसतं आणि हातचं राखायचं नसतं, हे मी तिथे शिकले. अहवाल लिहायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यासमोर गुन्हेगार स्पष्ट होता. उघडी पडलेली पाण्याची टाकी आणि किड्यांनी पोखरलेली डाळ पुरवणारा माणूस. त्याला सुटू द्यायचं नाही, म्हणून मी लक्षणांची यादी ठासून केली. उलट्या. पोटदुखी. ताप. आणि 'बहुसंख्य विद्यार्थ्यांनी जीभ बधिर झाल्याचे सांगितले.'

जीभ मेली, हे अहवालात कसं लिहायचं? म्हणून मी त्याचं शुद्ध मराठी केलं.

मी खोटं लिहिलं नाही. मुलांनी सांगितलं होतं, मी लिहिलं. ते तळवे पाहूनही लिहिलं, कारण माझा कागद त्या ओळीने जास्त भेदक होत होता.

आठवड्याने चौकशीला दोघे आले. टाकीकडे ते गेले नाहीत. डाळीची पोती तोवर बदलली गेली होती. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. जीभ बधिर करणारं तिथे काय आहे, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

"हे काय टांगलंय?"

"तिरफल," नवशीआय म्हणाली. "पॅकबंद हाय. बगा."

एकाने पुडा सोडला, एक फळ बियांसकट चावलं आणि थुंकला. ओठ चाचपले. दुसऱ्याकडे वळून म्हणाला, "बधिर!" आणि माझ्या अहवालातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. आणि नवशीआयचा हात, सवयीने, कनवटीला गेला. तिने गुळाचा खडा काढून त्या माणसासमोर धरला. तेही त्यांनी लिहून घेतलं. 'सदर महिला विद्यार्थ्यांना गुळाचे आमिष दाखवून अनोळखी जंगली फळ खाण्यास प्रवृत्त करीत असे.' त्या माणसाला मराठी येत होतं. चांगलंच येत होतं.

कामावरून कमी केल्याचा कागद घेऊन ती माझ्याकडेच आली. "वाच बाय."

मी वाचला. ती खाली बघून ऐकत होती.

"बधिर म्हंजे?"

"म्हणजे... जीभ मेली."

"पन जीभ मेली म्हंजे मेली थोडीच."

"हो गं."

"मंग हा कोनी लिवला?"

"मी."

तिने मला शिवी घातली असती तर मी आज जरा सुखाने झोपले असते. ती म्हणाली, "आसं," आणि कागदाची घडी घालून तो कनवटीला लावला, जिथे गूळ असायचा तिथे.

मी लढायला उभी राहिले. लढायला मला येतं. 'नवशीआयला न्याय द्या' असं पत्रक काढलं, बाजारात वाटलं, कार्यालयात अर्ज दिले, टाकीतलं पाणी तपासायला लावायच्या मागे लागले. पत्रक घेऊन तिच्या पाड्यावर गेले आणि अंगणात उभी राहून, मुठी आवळून, ते तिला वाचून दाखवलं. तिरफळ हा आमच्या डोंगराचा मसाला आहे, पिढ्यान्‌पिढ्या माणसं तो खात आली, त्याने कुणी आजारी पडत नाही. तिच्या शेजारपाजारच्यांनी माना डोलावल्या.

ती म्हणाली, "चांगला लिवला. पन पैला कागद बी तूच लिवला ना?"

"हो, पण..."

"त्यात लिवलाय पोरांची जीभ बधिर झाली. ह्यात लिवलाय कायच व्हत नाय. दोनीतला खरा कुठला?"

"हा. हाच खरा."

"तेवा बी तू खराच लिवला आसशील," ती हळूच म्हणाली. "तू खोटा लिवत नाय. मला म्हाईत हाय." आणि माझ्याकडे न बघता, "मी इतकी वर्सा काय खायाला घातला गं पोरांना?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिची नोकरी गेली हा लहान तोटा होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचणाऱ्यांवर तिचा विश्वास होता. त्यातही माझ्यावर जास्त. स्वतःच्या जिभेपेक्षा, स्वतःच्या हातच्या आमटीपेक्षा, तिने माझ्या अक्षराला खरं मानलं होतं. एखाद्याचं हे काढून घेतलं तर ते कुठल्या अर्जाने परत मागायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

थंडी संपता संपता निकाल आला. टाकीचं पाणी दूषित होतं. स्वयंपाकीण निर्दोष, कामावर हजर व्हावं, असं पत्र निघालं. ते घेऊन मी मिळेल त्या जीपने झरीकडे गेले, आणि पुढची वाट जवळजवळ पळत. पाड्याच्या वळणावरून तिचं झाड दिसायचं. दिसलं नाही. वाटलं, वळण चुकले.

अंगणात कमरेएवढा बुंधा उभा होता. त्याच्यावरच्या काट्यांच्या गाठी तशाच होत्या. वरचं लाकूड भिंतीला लावून रचलेलं. नवशीआय ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. वाळली होती. शेजारी तिची चारेक वर्षांची नात मातीत खेळत होती.

"झाड कुठं गेलं गं?"

"तोडवला पोराकडनं."

"का?"

"नात दिसभर अंगनात आसते. हाताला लागंल, तोंडात घालंल." तिने सूप पाखडलं. "दुसऱ्यांची पोरा बी येतात हतं खेलाय."

मी तिथेच उभ्याने पत्र वाचून दाखवलं. टाकी. पाणी. निर्दोष. हजर व्हावे. माझा आवाज चढला होता. ती सगळं ऐकून घेत होती.

"हा तू लिवला?"

"नाही. साहेबांनी. छापील आहे, बघ, शिक्का आहे."

"मंग तू लिवलेला?"

"ते मी मागे घेते. आत्ता. तुझ्यासमोर."

"लिवलेला मागं येतो व्हय?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

एवढ्यात बुंध्यापाशी गेलेली नात उड्या मारत आली. पानांच्या पाचोळ्यात तिला एक जुनं, वाळलेलं फळ सापडलं असणार. ओठ चोखत, डोळे मिचकावत, ती आजीपुढे उभी राहिली आणि खुशीत ओरडली, "आजी, जीभ मेली!"

सूप खाली पडलं. तांदूळ ओटीभर झाले. नवशीआयने पोरीला मांडीत ओढलं, तिच्या तोंडात बोट घातलं, "थूक, थूक गं बाय, थूक," म्हणत गालात, जिभेखाली, टाळ्याला शोधू लागली. ज्या हातांनी ती बी न बघता उडवायची, त्यांना एक टरफल सापडत नव्हतं. तिने तांब्या ओढला, पोरीला चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली. पोर रडली नाही. तिला हा खेळच वाटत होता. चूळ टाकता टाकता तिने रिवाजाप्रमाणे हात पुढे केला होता, तळवा उघडा.

त्या हाताकडे नवशीआयने पाहिलं नाही. मी पाहिलं. घाईघाईने पिशवी उघडली, तळापर्यंत चाचपली. आत सगळे कागदच होते.